टॉयलेटची गळती, तीन प्लंबर आणि लादी फोडण्याआधीचे दोन-चार दिवस

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. डोंबिवलीत १९९६ सालची चार मजली इमारत, तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर, टॉयलेट-बाथरूम एकत्र. सहा वर्षांपूर्वी तुम्ही जुनं इंडियन पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवून घेतलात. गेले दोन महिने खालच्या काकांच्या छताला ताटाएवढा ओला डाग आहे. सकाळी त्यातून थेंब पडतात, दुपारपर्यंत थांबतात. तुमच्या कमोडच्या बुडाशीही अधूनमधून ओल दिसते. पहिला प्लंबर म्हणाला, कमोड उचलून पुन्हा बसवू, कडेने सिलिकॉन मारू, १,५०० रुपये. दुसरा म्हणाला, खालचा ट्रॅप (वास वर येऊ नये म्हणून पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) फुटलाय, लादी फोडावी लागेल, १८,०००. तिसरा म्हणाला, सगळं उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करा, ७५,०००. त्यात कमिटीतल्या एकांनी सुचवलं की काहीच फोडू नका, काकांच्या छताला भोकं पाडून केमिकल भरून घ्या. आता तुम्हाला विचारायचंय की यातलं कुणाचं ऐकायचं.

मी ठाणे ते कल्याण पट्ट्यात २८ वर्षं हेच काम करतोय. तुमच्या चौघांपैकी कुणावरही फसवणुकीचा संशय घेऊ नका. पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कुठेच आली नाही, आणि तीच महत्त्वाची आहे: चौघांपैकी एकानेही काही तपासलेलं नाही. आले, वाकून पाहिलं, टाइलवर टकटक केलं आणि भाव सांगितला. ज्याच्या हाताला रोज कमोड बसवायचं काम आहे त्याला कमोडचा सांधा दिसतो, जो लायनी बदलतो त्याला ट्रॅप दिसतो आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला लादीखालचा कोबा म्हणजे विटा-सिमेंटचा थर दिसतो. प्रत्येकाने तीच खूण पाहून आपल्या अनुभवाने अंदाज बांधला. माझ्यासोबत काम करणारी बरीच मुलं ओडिशातल्या केंद्रपाडा भागातली आहेत. मुंबईत प्लंबिंगच्या कामावर तिकडची माणसं किती आहेत हे तुम्हाला कुठल्याही साइटवर दिसेल. हाताने सोनं आहेत. तरी लादीखालचं त्यांनाही दिसत नाही, मलाही दिसत नाही. म्हणून मी कुठेही गेलो की भाव सांगण्याआधी पाणी कुठून येतंय ते पाण्यालाच विचारतो. त्याला दोन-चार दिवस लागतात आणि खर्च जवळपास काही नाही.

सगळ्यात आधी एक काम आजच करा. काकांच्या टॉयलेटमधला दिवा त्या डागाच्या जवळ असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडून ठेवायला सांगा. ओल्या स्लॅबमधल्या वायरच्या पाइपातून पाणी बल्बच्या होल्डरपर्यंत आलेलं मी पाहिलंय. चार दिवस बॅटरीवर काढलेले बरे.

आता मुद्द्यावर येतो. टॉयलेटमधून खाली पाणी जाण्याच्या वाटा तीनच. एक, येणारं पाणी: भिंतीतली लायन, अँगल कॉक (टाकीचं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा नळ), फ्लशच्या टाकीचा कनेक्शन पाइप, जेट स्प्रेच्या मागचा एल्बो म्हणजे काटकोनी जोड. दोन, जाणारं पाणी: कमोडचा खालचा सांधा, ट्रॅप, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जायच्या जाळीखालचा), तिथून डक्टपर्यंतचा, म्हणजे इमारतीचे उभे पाइप असतात त्या मोकळ्या जागेपर्यंतचा पाइप. तीन, जमिनीवरचं पाणी: टाइलच्या फटी, भिंत आणि जमिनीचा कोपरा, नहाणी ट्रॅपच्या जाळीभोवतीची जागा. पहिला आणि दुसरा प्लंबर दुसऱ्या वाटेबद्दल बोलतायत, तिसरा तिसऱ्या वाटेबद्दल. पहिल्या वाटेचं नावही कुणी घेतलेलं नाही, आणि मला तेच खटकलं.

तुम्ही लिहिलंय की थेंब सकाळी पडतात, दुपारी थांबतात. हे वाचून कुणीही म्हणेल की वापर झाला की गळतं, म्हणजे जाणाऱ्या पाण्याची लायन. बऱ्याचदा ते बरोबर असतं, कारण येणारी लायन चोवीस तास दाबाखाली असते आणि ती गळत असेल तर रात्रीही गळते. पण तुमच्या सोसायटीत वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह दिवसभर उघडा असतो का? डोंबिवली-कल्याणकडच्या कितीतरी जुन्या सोसायट्यांत वॉचमन सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी तास-दोन तासच पाणी सोडतो. तसं असेल तर तुमच्या येणाऱ्या लायनीतही दाब फक्त सकाळ-संध्याकाळ असतो, आणि मग 'सकाळी गळतं' या खुणेवरून काहीच ठरत नाही. त्याच वेळात घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होतात, कमोडही त्याच वेळात जास्त वापरला जातो. तीनही वाटा एकाच वेळी चालू असतात. म्हणून त्या एकेक करून बंद करून पाहायच्या.

कल्याणच्या एका निवृत्त जोडप्याकडचं सांगतो. माझ्याआधी दोन जणांनी त्यांचं टॉयलेट फोडलं होतं. एकाने ट्रॅप बदलला, दुसऱ्याने नवी लादी बसवली, तरी खालचा डाग तसाच. मी गेलो तेव्हा जेट स्प्रेच्या नळामागची स्टीलची चकती भिंतीपासून जरा पुढे ओढली आणि करंगळी आत घातली. बोट ओलं आलं आणि त्याला मऊ झालेलं सिमेंट चिकटलं होतं. भिंतीतल्या एल्बोला बारीक चीर गेली होती. बसवताना कुणीतरी टेफ्लॉनची पट्टी जास्त गुंडाळून पाना आवळला असणार. पाणी भिंतीतून उतरून लादीखाली जायचं आणि खाली बरोबर कमोडच्या रेषेत बाहेर यायचं. दोन टाइल काढून एल्बो बदलला. आधीच्या दोघांनी केलेलं काम वाईट नव्हतं, फक्त गळती तिथे नव्हती.

तेव्हा पहिली चाचणी येणाऱ्या पाण्याची. टॉयलेटच्या लायनीचा व्हॉल्व्ह शोधा; तुमच्या काळच्या इमारतींत तो साधारण खिडकीबाहेर किंवा डक्टमध्ये असतो. तो बंद करा आणि टॉयलेटचा कुठलाच नळ, फ्लश, जेट वापरू नका. स्वयंपाकघरातून बादल्या भरून आणा, कमोडमध्ये बादलीनेच पाणी ओता, आंघोळही बादलीच्या पाण्याने करा. म्हणजे वापर नेहमीसारखा चालू, फक्त येणारी लायन कोरडी. असे दोन दिवस काढा. सकाळचे थेंब नेहमीसारखेच पडत राहिले तर येणारी लायन बहुतेक सुटली. थेंब बंद झाले तर टॉयलेटची जमीन फोडायला कुणाला देऊ नका. गळती येणाऱ्या लायनीत किंवा फ्लशच्या टाकीत आहे, आणि भिंतीतली असेल तर ती टेस्ट पंप लावून दाबाखाली शोधता येते. तुमची लायन जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची असेल तर पंपाचा दाब बेताने वाढवायला सांगा. नव्या सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपाला देतात तेवढा दाब गंजलेल्या पाइपाला दिला तर नव्या जागी फुटेल.

दोन दिवस का, एका दिवसात का नाही, हे समजून घ्या. तुमच्या इमारतीत टॉयलेटचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूट-दीड फूट खाली असणार. त्याला आम्ही सनक म्हणतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. गळतीचं पाणी आधी त्या विटांत मुरतं, खड्ड्यात साठतं, मग सावकाश खाली झिरपतं. ठाण्यात एका घरी आम्ही सगळं बंद केलं, माणसं नातेवाइकांकडे राहायला पाठवली, तरी खाली पाच दिवस ठिबकत राहिलं. सहाव्या दिवशी कमी झालं. पहिल्याच दिवशी निकाल लावला असता तर शेजारच्या निर्दोष घरावर खापर फुटलं असतं. तुमच्याकडे दुपारी थेंब थांबतात म्हणजे साठा मोठा नसावा, ही चांगली बाजू आहे. तरीही घाई करू नका.

इमारतीच्या बाहेरच्या बाजूने टॉयलेटच्या भिंतीकडे बघा. काही इमारतींत सनकच्या पातळीला अर्धा-एक इंची पाइपाचं छोटं तोंड बाहेर काढलेलं असतं, साठलेलं पाणी निघून जावं म्हणून. ते ओलं असेल किंवा त्याखाली शेवाळ असेल तर सनकमध्ये पाणी आहे हे नक्की. डक्टमध्येही टॉर्च मारून पाहा. १९९६ चे मोठे पाइप बिडाचे असण्याची शक्यता आहे, सांध्यांत काथ्या ठोकून वर शिसं ओतलेलं. अशा सांध्यातून पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं तर ते उपटून काम संपत नाही, त्याची मुळं सांध्याच्या आत गेलेली असतात. आणि गळती फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर बाहेरची भिंत आणि डक्ट यांच्यावर माझा संशय आधी जाईल. तुमची सुरुवात कोणत्या महिन्यात झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही, आठवून बघा.

दुसरी चाचणी कमोडची. ती करताना आंघोळी दुसरीकडे करा, शेजारी किंवा बहिणीकडे, आणि जमीन पूर्ण कोरडी ठेवा. कमोडच्या बुडाभोवतीची लादी फडक्याने पुसा, पंखा लावून वाळवा आणि कडेकडेने टाल्कम पावडर भुरभुरवा. मग कमोडच्या टाकीत खाण्याचा लाल रंग किंवा कपड्याची नीळ गडद घोळून फ्लश करा. टाकी रिकामी झाली की बादलीने आणखी आठ-दहा लिटर रंगीत पाणी जोरात ओता. असं पाच-सहा वेळा. पावडरमध्ये पाणी कुठून वाट काढतं ते रेघेसारखं दिसतं. रेघ टाकीच्या खालच्या बोल्टपासून निघाली तर टाकी आणि भांडं यांच्यामधला रबर वॉशर गेलाय. तो कमी खर्चात बदलतो आणि 'बुडाशी ओल'चं हे बऱ्याचदा खरं कारण असतं. रेघ अँगल कॉककडून आली तर कनेक्शन पाइप बदला. बुडाखालूनच पाणी बाहेर आलं तर पहिला प्लंबर बरोबर दिशेने होता. कमोडवर बसून थोडं डावी-उजवीकडे झुकूनही पाहा. तो हलत असेल तर खालचा सांधा सुटलेला असण्याची शक्यता फार मोठी.

खाली काकांकडे रंग दिसला तर काम सोपं झालं. पण रंग दिसला नाही म्हणजे कमोड निर्दोष, असं समजू नका. विटा आणि सिमेंटमधून जाताना रंग फिका पडतो, कधी पूर्ण जातो. डागाची कड पेन्सिलने आखून वेळ लिहायची, थेंब मोजायचे, हे रंगापेक्षा भरवशाचं.

सिलिकॉनबद्दल मला तळमळीने सांगायचंय, कारण याने झालेलं नुकसान मी पुन्हापुन्हा पाहतो. कमोडच्या सगळ्या कडेने सिलिकॉन मारून बंद केलं की वरची ओल लगेच थांबते आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. खरं तर गळती तशीच असते. जे थोडं पाणी वर येऊन तुम्हाला सावध करत होतं ते आता सगळं खाली जातं. सिलिकॉन कमोड नीट बसल्यावर मारतात, तेही मागच्या बाजूला दोन-तीन इंच जागा मोकळी सोडून, म्हणजे उद्या सांधा सुटला तर पाणी आधी तुम्हाला दिसेल. पहिल्या प्लंबरने 'उचलून बसवू' म्हटलंय ते ठीक. तो नुसतं सिलिकॉन मारून जाणार असेल तर नको म्हणा.

तिसरी चाचणी नहाणी ट्रॅपची. कमोड वापरायचा नाही, जमीन कोरडी, आणि पाइपचा तुकडा किंवा नरसाळं थेट जाळीच्या आत घालून चार-पाच बादल्या सोडायच्या, लादीला पाणी न लागू देता. खाली बघत राहायचं.

चौथी, जमिनीची. प्लास्टिकच्या पिशवीत जुनं फडकं कोंबून नहाणी ट्रॅप घट्ट बंद करा, आणि त्या पिशवीला सुतळी बांधून दुसरं टोक नळाला बांधा, नाहीतर बोळा लायनीत जाऊन चोकअप होईल. उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, इंचभर पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळी आखा. शेजारी एका परातीतही पाणी भरून तशीच खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही पाहा. परातीत उतरलं तेवढंच जमिनीवर उतरलं असेल तर ते हवेत गेलं. जमिनीवरचं जास्त उतरलं असेल तर ते लादीतून गेलं. काकांच्या छताचं प्लास्टर फुगलेलं किंवा सळई उघडी पडलेली असेल तर ही चाचणी माणूस हजर असल्याशिवाय करू नका, आणि ती सगळ्यात शेवटी करा. पाणी लादीतून एकदा सनकमध्ये गेलं की पुढचे काही दिवस बाकी कुठल्याच चाचणीचा अर्थ लागत नाही.

थोडक्यात क्रम असा: आधी लायन बंद, मग फक्त कमोड, मग फक्त नहाणी ट्रॅप, शेवटी जमीन. प्रत्येक दोन चाचण्यांच्या मध्ये डाग वाळू द्यायचा.

आता माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर सांगतो, आणि अंदाज म्हणूनच सांगतो. तुमच्या मजकुरातलं एक वाक्य मला सगळ्यात जड वाटलं: जुनं भांडं काढून कमोड बसवला. १९९६ च्या इंडियन भांड्याखाली वेगळा ट्रॅप असतो, सनकमध्ये पुरलेला, आणि तिथून बिडाचा पाइप डक्टकडे जातो. कमोडला स्वतःचा ट्रॅप भांड्यातच असतो. बदल करणाऱ्याने जुना ट्रॅप काढून नवा पाइप डक्टपर्यंत नेला असेल तर उत्तम. पण ते काम मोठं असतं, म्हणून बरेच जण जुना ट्रॅप तसाच ठेवून त्याच्या तोंडात पीव्हीसीचा तुकडा घालतात आणि भोवती सिमेंट भरतात. पीव्हीसी गुळगुळीत, सिमेंट त्याला धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत बारीक फट पडते. शिवाय एकामागे एक दोन ट्रॅप झाले की मधली हवा अडकते, फ्लश केल्यावर पाणी आधी वर चढतं, मग गडगड करत सावकाश उतरतं. तुमच्याकडे असं होतं का? होत असेल आणि दुसऱ्या चाचणीत थेंब वाढले, तर माझं बोट त्याच सांध्यावर.

तसं निघालं तर पहिला आणि दुसरा दोघेही अर्धे बरोबर ठरतात. कमोड उचलावा लागेल, आणि नुसता उचलून पुन्हा ठेवून भागणार नाही. पण काम टप्प्याने करून घ्या. आधी फक्त कमोड काढा. आता पाइपाचं तोंड उघडं पडलं; तिथून टॉर्चने आत पाहा, जुना ट्रॅप आहे की सरळ पाइप ते तिथेच कळेल. डक्टकडच्या बेंडला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, साफसफाईचं दार असेल तर तिकडून फुग्याचा प्लग लावून पाइप वरपर्यंत पाण्याने भरा. अर्ध्या तासात पातळी उतरली तर पाइप किंवा सांधा गळतोय, आणि लादी फोडायला ठोस कारण मिळालं. पातळी हलली नाही तर खालची लायन चांगली आहे. कमोड आणि पाइप जोडणारा रबरी पॅन कनेक्टर लावून कमोड बसवा आणि १८,००० वाचवा. परदेशी व्हिडिओ पाहून बरेच लोक मेणाची रिंग मागतात. ती तिकडच्या जमिनीत बसवलेल्या फ्लँजसाठी (पाइपाच्या तोंडावरच्या कडीसाठी) असते. आपल्याकडच्या पाइपाला कनेक्टरच घ्या.

लादी फोडायची वेळ आली तर अर्धवट फोडू नका. नुसता ट्रॅपपुरता खड्डा करून बिडाच्या जुन्या पाइपाला नवा पीव्हीसी जोडला की तुम्ही तोच वादाचा सांधा पुन्हा तयार केला. कमोडपासून डक्टमधल्या मोठ्या पाइपापर्यंत पूर्ण तुकडा बदला आणि त्याच खड्ड्यात नहाणी ट्रॅपही बदला, तो तीस वर्षांचाच आहे. पाइपावर आयएस १३५९२ छापलेलं बघा आणि 'टाइप बी' आहे याची खात्री करा. 'टाइप ए' पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो. तो स्वस्त पडतो म्हणून कधीकधी इथेही घातला जातो.

तिसऱ्याचं काय? जमिनीच्या चाचणीत पाणी उतरलं, किंवा खड्डा केल्यावर कोब्यातल्या विटा हाताला ओल्या चिंब लागल्या आणि कुजका वास आला, तर तो बरोबर आहे आणि ७५,००० चं काम टाळून उपयोग नाही. तसंच काकांच्या छताची सळई गंजून प्लास्टर सुटायला लागलं असेल तर. गंज चढलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. तिथे ठिगळ लावत बसलात तर दोन वर्षांनी हाच खर्च स्लॅबच्या दुरुस्तीसकट येईल. पण चाचणीत जमीन पक्की निघाली तर पाइपाच्या एका सांध्यासाठी सगळी खोली उखडायला मी सांगणार नाही.

खालून केमिकल भरण्याला माझा आत्ता तरी स्पष्ट विरोध आहे. वरची गळती चालू असताना खालून फट बंद केली की पाणी थांबत नाही, ते सनकमध्ये जास्त साठतं आणि दुसरी वाट शोधतं. काकांच्या टॉयलेटऐवजी त्यांच्या बेडरूमच्या भिंतीत उतरेल. वरचं काम होऊन छत वाळल्यावर उरलेल्या भेगांसाठी ते जरूर करा.

आता पुन्हा प्लंबरशी बोलताना निकाल हातात घेऊन बोला. 'काय करायचं?' असं विचारू नका. सांगा की लायन दोन दिवस बंद होती तरी गळलं, कमोड वापरला की तासाभरात थेंब वाढतात, जमिनीवर चोवीस तास पाणी धरलं तर उतरलं नाही. आता तुमचं काय म्हणणं? तिघांपैकी ज्याचं मत हे ऐकून बदलेल आणि का बदललं ते जो सांगेल, त्याला काम द्या. जो आधीचाच भाव पुन्हा सांगेल त्याला नाही. भाव लेखी घ्या, त्यात पाइपाची जात, किती सांधे बदलणार, मलबा कोण नेणार आणि काम झाल्यावर कोणती चाचणी करून दाखवणार हे लिहून घ्या. निम्म्याहून जास्त पैसे आधी देऊ नका.

खर्च कुणाचा, हेही तुम्ही विचारलंय. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची, ड्रेनेज लायनीची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या टॉयलेट-सिंकमुळे होणारी गळती सभासदाने. म्हणून सांधा डक्टच्या आत आहे की लादीखाली, हे चाचणीत कळणं पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाचं. डक्टमधलं निघालं तर कमिटीला फोटोसह लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

नवा पाइप टाकला की तो लगेच बुजवू देऊ नका. सगळे सांधे उघडे असताना पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी प्रत्येक सांध्याखालून कोरडं वर्तमानपत्र फिरवा. कागदाला एक ठिपका जरी आला तरी तो सांधा पुन्हा करून घ्या. मग वॉटरप्रूफिंगचा थर, आणि टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी धरून काकांचं छत पाहायचं. प्रत्येक टप्प्याला मीटरटेप आडवी ठेवून फोटो काढा, भिंतीपासून पाइप किती इंचांवर आहे ते त्यात दिसू द्या. पुढे कधी आरसा किंवा रॅक ठोकायची वेळ आली तर हेच फोटो उपयोगी पडतात.

आणि शनिवारी चाचणी सुरू करायच्या आधी पेढ्याचा पुडा घेऊन काकांकडे जा. दोन महिने डोक्यावर थेंब झेलून माणूस वैतागलेला असतो, त्याचा राग रास्त आहे. त्यांना सांगा की आम्ही शोधायला लागलोय, आणि पेन्सिल त्यांच्याच हातात द्या. डागाची कड त्यांनी आखायची, बाजूला वेळ त्यांनी लिहायची. तुमच्या घरात कितव्या मिनिटाला काय वापरलं ते तुम्ही लिहा. रविवारी रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून मला कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.